लिव्हरवरची टोपी

४ मार्च

मामा,

वाकून नमस्कार, आणि आता बातमी, कारण ती पोटात राहत नाहीये. आमचा मेळावा मंजूर झाला! सहा छोट्या रेल्वेंची माणसं, कंट्रोलर, स्टेशन मास्तर, ड्रायव्हर, गार्ड, मिळून दोनशे डोकी, वीस ते बावीस एप्रिल, आमच्या जुन्या डब्यांच्या शेडमध्ये. आणि हे सगळं उभं करायचं कुणी? तुझ्या भाचीने! अरे, विचार कर. नऊ वर्षं रोज फोनवर ज्या आवाजाला मी "गाडी देऊ का?" विचारते, आणि जो आवाज मला "दे की, वाट कसली बघतेस" म्हणतो, त्याचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही. आता तो माणूस गळ्यात नावाची पाटी अडकवून माझ्यासमोर उभा राहणार. उंच असेल की बुटका, यावर आमच्या कंट्रोल रूममध्ये पैजा लागल्यात.

कार्यक्रम भरगच्च आहे. एका दुपारी ड्रायव्हर कंट्रोलरच्या खुर्चीत आणि आम्ही इंजिनात, म्हणजे एकमेकांना शिव्या घालणं जरा कमी होईल. पण माझा जीव अडकलाय तो "चुकांच्या तासात". कल्पना माझीच. जो उभा राहील त्याने स्वतःची एक चूक सांगायची. फक्त स्वतःची, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मोठे साहेब म्हणाले, "बाई, दोनशे माणसांत पहिलं तोंड कोण उघडणार? सुरुवात करणारा मिळाला तर ठेव, नाहीतर त्या जागी माझं भाषण घाल." त्यांचं भाषण मी ऐकलंय. ते होऊ द्यायचं नाही.

मामा, सुरुवात तू कर ना. एकतीस वर्षांपूर्वीची ती दुपार. रुळावर दुरुस्तीची टोळी होती आणि तुझा डोळा लागला, जागा झालास तसा सिग्नल पाडलास, मालगाडी सुटली. ट्रॉलीचा चुरा झाला, सहाही जण उड्या मारून वाचले. सगळ्या लाइनीला माहीत आहे, "डुलकीमास्तर" म्हणतात तुला, मग लपवायचं काय? आमच्याकडे सध्या थकव्यावरच सगळा विचार चाललाय. तू बोललास तर पोरं मोकळी होतील. कळव लवकर. तू घरी फोन उचलत नाहीस म्हणून हे पानच्या पान!

तुझी,
भिंगरी


११ मार्च

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. फोन मी छत्तीस वर्षं उचलला, आता तो वाजला तरी मला ऐकू येत नाही, हे निवृत्तीचं सुख आहे.

मेळाव्याची बातमी वाचून छाती फुगली. मामीला वाचून दाखवली तर तिने शेजारच्या तीन घरांत जाऊन सांगितली. आमच्या वेळी शेजारच्या स्टेशनचा मास्तर म्हणजे नुसता खोकला होता. वीस वर्षं त्याच्या खोकल्यावरून मी त्याची तब्येत ओळखत होतो, आणि एका लग्नात शेजारच्या पानावर बसलो तर ओळखलं नाही. त्याला खोकावं लागलं. तेव्हा तुमचा हा बेत मला पसंत आहे. एक सांगतो, पहिल्या दिवशी सगळ्यांना आपापल्या गावाच्या माणसांजवळ बसू देऊ नकोस. चिठ्ठ्या टाक.

चुकांच्या तासाचं म्हणशील तर मला वगळ. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय माझा घसा बसतो, गुडघे दुखतात, आणि दोनशे माणसांत मला घाम फुटतो. एवढी कारणं पुरे ना?

मामा

ता.क. अक्षर माझं कोंबडीचे पाय, म्हणून पाकिटावर पत्ता नेहमीप्रमाणे मामीने घातला आहे.


१७ मार्च

मामा,

तीन कारणं देणारा माणूस चौथं लपवतो, हे मला कुणी शिकवलं? तूच. घशाला खडीसाखर, गुडघ्याला खुर्ची, घामाला पंखा. झालं!

आता रागावू नकोस. साहेब कार्यक्रमपत्रिका मागत होते, छापखान्याचा माणूस दारात उभा, मी छापून टाकलं: "चुकांचा तास. सुरुवात: एक ज्येष्ठ स्टेशन मास्तर. विषय: माझी एक डुलकी." नाव नाही घातलं हं. आणि काय सांगू, पत्रिका गेली आणि चार दिवसांत सतरा जणांनी त्या तासाला नाव नोंदवलं! सतरा! एका ड्रायव्हर बाईने लिहिलंय, "मास्तर बोलले तर मीही बोलेन. सहा वर्षं बोलायचंय." तुझ्या एका डुलकीने केवढं काम केलं बघ.

ये ना रे. लहानपणी तुझ्या केबिनच्या दाराशी स्टुलावर उभं राहून मी "सगळं ठीक" म्हणायला शिकले. तू नसताना हे करण्यात मजा नाही.

भिंगरी


२२ मार्च

भिंगरी,

उचलली जीभ लावली टाळ्याला! मला न विचारता छापलंस? डुलकी? ती कागदावर बघून माझं जेवणावरचं मन उडालं.

मी झोपलो नव्हतो. कळलं? एकतीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा लिहितोय.

आमच्या स्टेशनात सिग्नलचे चार लिव्हर होते. रुळावर माणसं असली की त्या बाजूच्या लिव्हरला लोखंडी कडी अडकवायची, म्हणजे चुकून कुणी ओढू नये. कडी आमच्याकडे कधी आलीच नाही. चारदा मागितली. मग जो तो आपली युक्ती काढी. मी माझी टोपी अडकवायचो. टोपी लिव्हरवर तोवर हात लावायचा नाही. टोळी परत आली की टोपी डोक्यावर. इतकी सवय की वही नंतर बघायची, टोपी आधी. त्या दुपारी टोळी गेली, टोपी अडकवली. मालगाडीच्या ड्रायव्हरने हाक मारली म्हणून फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन आलो. येऊन बघतो तर लिव्हर मोकळा. मनात एकच आलं: टोळी आली वाटतं, रुळांचे सांधे बदलणाऱ्या आमच्या सांधेवाल्याने टोपी काढून ठेवली. आणि ओढला. संपलं.

टोपी वाऱ्याने उडाली असणार. चौकशीत "टोपी बघून गाडी सोडतो" हे सांगण्यापेक्षा "डोळा लागला" सांगणं सोपं वाटलं. बस. एवढंच. आता विषय बंद कर आणि माझ्या जागी दुसरा कुणी बघ.

मामा


२७ मार्च

मामा! मामा! मामा!

तू झोपला नव्हतास! मी खुर्चीवरून उठून कंट्रोल रूमला दोन फेऱ्या मारल्या. शेजारचा म्हणाला, लॉटरी लागली का? म्हटलं, त्याहून मोठी. म्हणजे एकतीस वर्षं लोक तुला डुलकीमास्तर म्हणत राहिले, त्या एका ओळीवर तुझी बढती अडली, अठरा वर्षं त्याच स्टेशनात राहिलास, आणि तू झोपलाच नव्हतास! माझा मामा! आणि आम्ही बसलोय थकव्यावर चर्चा करत. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

पण मी पडले कंट्रोलर. जुन्या कागदांच्या खोलीत गेले, धुळीने शिंकून शिंकून नाक लाल झालं, पण तुझ्या चौकशीची फाइल काढलीच. ऐक. "त्या दिवशी धुळीचं वारं असल्याने केबिनच्या सर्व खिडक्या आतून बंद होत्या." मग टोपी उडाली कुठून? पुढे: "मेजावर जेवणाचा डबा न उघडलेला आढळला." म्हणजे जेवून सुस्ती आली असंही नाही! साहेबांच्या डोळ्यांसमोर पुरावा होता आणि कुणी बघितला नाही. आणि शेवटी: "सांधेवाला पाण्यासाठी एकदा केबिनमध्ये येऊन गेल्याचे सांगतो."

तोच! त्यानेच टोपी उचलली आणि तोंड मिटून बसला, आणि तू दयेपोटी त्याला वाचवलंस. तुझा स्वभावच तो. पण आता पुरे. मी शोध घेतला, तो आहे अजून, मुलीकडे राहतो, माझ्यापासून दोन स्टेशनं. मी त्याला मेळाव्याचं आमंत्रण टाकलंसुद्धा. तुला आणि त्याला समोरासमोर उभं करते. बघच तू!

भिंगरी


१ एप्रिल

भिंगरी,

त्याला काही विचारायचं नाही. माझी शपथ आहे. त्या माणसाचा काडीचा दोष नाही, तू चोर सोडून संन्याशाला फाशी देते आहेस. शिवाय तुझ्याच तासाचा नियम विसरलीस? चूक फक्त स्वतःची सांगायची.

वाटलं तर मी झोपलोच होतो असं धर. मी येणार नाही. यावर पत्र नको.

मामा


३ एप्रिल

भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं, पण आतला मजकूर या वेळी माझा आहे. दचकू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत.

तुझी पत्रं वाचून झाली की हे कपाटात गरम कपड्यांखाली ठेवतात. गरम कपडे उन्हात घालतं कोण? तेव्हा मला सगळं ठाऊक आहे.

टोपी मी नेली.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब तपासणीला येणार होते. डबा घेऊन गेले, तर हे फलाटाच्या टोकाला. टोपी लिव्हरवर, आणि तिचा पितळी बिल्ला एका धाग्यावर लोंबतोय. म्हटलं, साहेबांसमोर हे असलं ध्यान घालून उभे राहणार! डबा मेजावर ठेवला, टोपी पदराखाली घेतली आणि घरी आले. लग्नाला तेव्हा सात महिने झाले होते. लिव्हर म्हणजे काय, मला काय माहीत? मला वाटलं, ती खुंटी आहे.

सुईत दोरा ओवला, एक टाका घातला, आणि मालगाडीची शिट्टी सुरू झाली. थांबेचना. मी तशीच धावले. केबिनच्या दारात हे उभे होते. त्यांनी मेजावरच्या डब्याकडे बघितलं, मग लिव्हरकडे, मग माझ्याकडे. माझ्या बोटाला दोरा गुंडाळलेला होता. संध्याकाळी मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, "माझा डोळा लागला होता. तसं लिहून दिलंय. विषय संपला." टोपी कुठे, हेही कधी विचारलं नाही. नवी आणली.

आधी मी भीतीने गप्प बसले, खोटं कशाला सांगू. बाहेरच्या माणसाला केबिनमध्ये पाऊल टाकायची बंदी होती, यांची नोकरीच गेली असती. मग दिवस गेले, आणि वाटायला लागलं, या माणसाने माझ्यासाठी एवढी मोठी गोष्ट झाकली, ती मी उघडली तर त्यांनी केलं ते वाया जाईल. लोक डुलकीमास्तर म्हणायचे, हे हसायचे, मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायचे. फार वाईट वाटायचं गं. अजून वाटतं. आणि आता त्या सांधेवाल्याच्या गळ्यात हे पडणार असेल, तर एवढंही गप्प बसायला मी दगड नाही.

तुला सुरुवात करणारा हवा आहे ना? मी करते. मी काही रेल्वेत नाही, पण थांबायला हवी होती ती गाडी मी चालवली आहे. यांना आत्ता काही कळवू नकोस. "भिंगरीने दुसरा माणूस शोधलाय, आपण नुसते बघायला जाऊ," असं सांगून घेऊन येते. दोन खुर्च्या पुढच्या रांगेत ठेव, यांना मागे बसलं की ऐकू येत नाही.

मामी

त्या टोपीतली सुई अजून तशीच आहे. ट्रंकेत, तळाला.


८ एप्रिल

मामी,

कंट्रोल रूममध्ये पत्र वाचलं आणि हुंदका आला. पाच नंबरच्या गाडीला दोन मिनिटं उगाच थांबवलं, तीही चूक तासाला सांगेन.

पत्रिका पुन्हा छापली. "चुकांचा तास. सुरुवात: स्टेशन मास्तरची बायको." साहेबांनी विचारलं, "या कुठल्या रेल्वेच्या?" म्हटलं, सर्वांत जुन्या. नावं आता एकतीस झालीत! सांधेवाले काका येतायत, त्यांना मी दुसरं पत्र टाकलं की या, पाहुणे म्हणून या, काही विचारायचं नाहीये. माझी मलाच लाज वाटली.

खुर्च्या ठेवल्यात. पंखा समोर. मामी, मला तुझा इतका अभिमान वाटतोय की मी आत्ता ओरडणार आहे, पण शेजारी गाडी नंबर लिहून घेतायत.

भिंगरी


२५ एप्रिल

चि. भिंगरी,

वा गं वा! आयुष्यात एक मेळावा भरवलास आणि ऐन तासाला तुझा ड्यूटीचा जोडीदार तापाने आडवा पडला म्हणून तू बसलीस कंट्रोल रूममध्ये गाड्या हाकत. संध्याकाळी भेटलीस तेव्हा आपण तिघं नुसते रडत होतो, बोलणं काही झालंच नाही. म्हणून आता लिहितो. मला फार लिहायचंय.

मला वाटत होतं, कुणी तरी थकव्यावर बोलणार. मी आरामात पाय पसरले. आणि ही माझ्या शेजारून उठली! म्हटलं, पाणी प्यायला चालली असेल. थेट माइकपाशी. पिशवीतून टोपी काढली. भिंगरी, माझी टोपी! एका धाग्यावर बिल्ला, त्यात सुई. मला वाटलं, खुर्चीसकट जमीन सरकली.

चार मिनिटं बोलली. घाबरली नाही, अडखळली नाही, भाजी निवडताना बोलते तशी बोलली. शेवटी म्हणाली, "मला ती खुंटी वाटली. ती खुंटी नाही, हे मला सांगणारी एक लोखंडी कडी त्या स्टेशनात असती, तर मी टोपीला हात लावला नसता." आणि येऊन बसली.

मग मागून कुणी तरी उठलं. सांधेवाला. पार वाकलाय गं. म्हणाला, "टोपी मीच काढून कुठे ठेवली असेल, असं मला वाटायचं. पाणी प्यायला गेलो होतो ना. एकतीस वर्षं आठवून आठवून बघतोय." आणि मटकन खाली बसला. मी बायकोला वाचवलं, या गुर्मीत होतो मी. हा माणूस तिकडे रोज स्वतःची झडती घेत होता, आणि मला पत्ता नव्हता.

मग माझे गुडघे कुठले दुखतात! उठलो. म्हणालो, "मंडळी, माझी चूक लिव्हर ओढण्याची नाही. ती कुणाच्याही हातून झाली असती. माझी चूक नंतरची. मी 'डोळा लागला' लिहून दिलं, म्हणून साहेबांनी माझ्या झोपेवर ताशेरे ओढले आणि कड्या कुणालाच पाठवल्या नाहीत. माझ्यामागे त्या लाइनीवर आणखी किती जणांनी टोप्या अडकवल्या, देव जाणे." घसा बसला तो तिथे बसला.

आणि मग जे सुरू झालं! ती ड्रायव्हर बाई उठली, तिची सहा वर्षांची गोष्ट सांगितली. तिच्यामागे दुसरा. एक जण म्हणाला, मी लिव्हरला डबा अडकवतो. एकाचा रुमाल. एक पोरगी आठवणीसाठी उजवी चप्पल काढून ठेवते आणि दिवसभर एकाच चपलेवर फिरते. हसून हसून पुरेवाट! जेवणाची घंटा झाली तरी कुणी उठेना. तो तुझा "दे की, वाट कसली बघतेस" म्हणणारा आवाजही बोलला. बुटका आहे, पैज कुणी जिंकली? त्याने तिथल्या तिथे कागद फिरवला: सहाही रेल्वेंच्या प्रत्येक लिव्हरला कडी. तुमच्या साहेबांनी पहिली सही केली. भाषण विसरले ते.

परतीच्या गाडीत आम्हाला खिडकीजवळ जागा मिळाली. मग मी विचारलं, "तुला माहीत होतं, मला माहीत आहे ते?" ती म्हणाली, "तुमच्या डोळ्यांत बघितलं होतं ना मी. आणि तुम्हाला माहीत होतं, मला माहीत आहे ते?" म्हटलं, "बोटाला दोरा होता तुझ्या." मग दोघांना जे हसू फुटलं, समोरच्या बाईने मुलाला जवळ ओढून घेतलं. एकतीस वर्षं शेजारी शेजारी बसून आम्ही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. मला रेल्वेत घेतलं कुणी?

हसून झालं तशी तिने पिशवीतून टोपी काढली, चष्मा लावला आणि उरलेले टाके घातले. दोरा जुना, दोनदा तुटला. पुढच्या स्टेशनच्या आत बिल्ला घट्ट बसला. मग टोपी माझ्या डोक्यावर ठेवून म्हणाली, "आता जा साहेबांसमोर."

टोपी पार्सलने तुला पाठवतो आहे. कंट्रोल रूममध्ये ठेव, खुंटीवर ठेव. खरी खुंटी आहे ना, आधी बघून घे. सुई काढून घेतली आहे, ती मामीला हवी आहे.

मामा